तरुण रक्ताला वाव

देशाचा संघ घरच्या मैदानावर हरला की आमच्या सोसायटीत चैतन्य येतं. जिंकला तर माणसं थोड्या टाळ्या वाजवून जेवायला जातात. हरला तर क्लब हाउसमधला टीव्ही बंद झाल्यावरही कोणी उठत नाही. मागच्या हिवाळ्यात संघ ओळीने हरत होता, त्यामुळे आमचे दिवस फार बरे चालले होते.

सगळ्यांचं निदान एकच होतं, की आपले खेळाडू म्हातारे झाले. "त्याचे गुडघे बघा," आमचे खजिनदार म्हणायचे. ते स्वतः जिना उतरताना कठडा धरून आडवे उतरतात. "त्याला आता चेंडू दिसत नाही," असं दुसरे एक जण टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून सांगायचे. यांना कोणी थांबा म्हणून सांगत कसं नाही, बाकीचे देश बघा, कोवळी पोरं उतरवतात, आपल्याकडे तरुण रक्ताला वावच नाही. इथपर्यंत आलं की सगळे गंभीर होऊन मान हलवायचे आणि मग कोणीतरी चहा सांगायचं. मीही मान हलवायचो. शनिवार पेठेत वाढल्यामुळे एखाद्या विषयावर मत नसणं मला जमत नाही, आणि विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून क्रिकेटवरची माझी मतं दुप्पट झाली आहेत.

आता हे सांगायला हवं, की ही बोलणारी मंडळी म्हणजेच आमच्या सोसायटीचा क्रिकेट संघ. कोथरूडातल्या आसपासच्या सोसायट्या रविवारी सकाळी एकमेकींशी सामने खेळतात. मॅट टाकून, पांढरे कपडे घालून, सीझन बॉलने. टेनिस बॉलच्या क्रिकेटला आम्ही क्रिकेट मानत नाही. मी बऱ्याच वर्षांपासून कर्णधार आहे. आमच्यातला तरुण खेळाडू म्हणजे ज्याला अजून नातवंड झालेलं नाही तो, आणि तोही आता बालवाडीच्या चौकशा करू लागला आहे.

संघातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे आमचे यष्टिरक्षक. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणतात. निम्म्या सोसायटीच्या मुलांची बारावी सरांनी फुकट तारून नेली आहे आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण सर चेंडू अडवतात असं म्हणणं सत्याला धरून होणार नाही. चेंडू कोणत्या बाजूने गेला ते मात्र ते अचूक सांगतात. "लेग साइड," असं शांतपणे म्हणतात, आणि तोवर मागे चौकार गेलेला असतो.

त्या हिवाळ्यातल्या एका पराभवानंतर खजिनदार तरुण रक्ताबद्दल बोलत असताना मागून प्रश्न आला. "काका, आपल्या टीममध्ये यंगस्टर कोण आहे?"

विचारणारी होती तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांची मुलगी. वडिलांचं शहरात घड्याळांचं दुकान आहे, तिच्या पणजोबांनी काढलेलं. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती आणि लहानपणापासून यष्टिरक्षण करत होती. कॉलेजात मुलींचा संघ कागदावर होता, पण अकरा मुली कधी जमल्या नाहीत. त्यामुळे ती आमच्याकडे येत असे, आणि आम्ही मोठ्या मनाने तिला राखीव ठेवलं होतं.

मग खजिनदार म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. समिती नेमू."

आमच्याकडे कोणताही रास्त मुद्दा समितीपर्यंत सुखरूप पोहोचतो. निवड समिती नेमायची ठरली. संघ नव्याने बांधायचा, तरुणांना संधी द्यायची, वगैरे. फक्त समितीत जो नसेल त्याला वगळलं जाईल हे एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि समिती अकरा जणांची झाली. पहिल्याच बैठकीत समितीने एकमताने संघ जाहीर केला. तो जुनाच होता. त्याशिवाय सोसायटीतल्या तीन मुलांना आणि या मुलीला ‘विकासासाठी निवडलेले खेळाडू’ असं नाव मिळालं.

विकास असा व्हायचा. शनिवारी सकाळी मुलांनी आमच्या आधी येऊन नेट बांधायचं, मग आम्हाला गोलंदाजी करायची. आमचा सराव झाला की आम्ही कट्ट्यावर बसून त्यांना अनुभव द्यायचो. मी ‘कठीण खेळपट्टीवरील संयम’ या विषयावर बोललो. सरांनी ‘यष्टिरक्षकाची मानसिकता’ हा विषय घेतला आणि तो बरेच शनिवार पुरवला. एकदा त्या मुलीने विचारलं, "सर, एकदा ग्लोव्हज घालून दाखवता का?" सर म्हणाले, "त्याकडे आपण शेवटी येणार आहोत."

तिन्ही मुलगे महिन्याभरात गळाले. ते बाणेरकडे कुठल्याशा टर्फवर तासाचं भाडं भरून खेळू लागले. आजकालच्या मुलांत चिकाटी नाही यावर आमची एक सबंध बैठक झाली. मुलगी मात्र येत राहिली. पॅड बांधून बसायची, पाणी द्यायची, आणि सर चहाला गेले की दोन-चार षटकं यष्टींमागे उभी राहायची. तेवढ्या वेळात चेंडू मागे जात नसे. आमच्या गोलंदाजांना ते विचित्र वाटायचं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बायकोने दार उघडलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली आणि पाणीही न घेता बोलायला लागली.

"काका, आमच्या कॉलेजच्या कोचना मुलींच्या अंडर नाइन्टीनच्या कॅम्पसाठी एक कीपर हवीय. एकच जागा आहे. त्यांनी मला नेटमध्ये पाहिलंय, पण ते म्हणतात, नेटमधलं मी धरत नाही, मला मॅचमध्ये बघायचंय. मोठ्या माणसांच्या बोलिंगवर. या संडेला ते आपली मॅच बघायला येणार आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी मी एजमध्ये बसत नाही. एकच मॅच द्या काका. नंतर मी परत पाणी देईन."

ते शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्यांची सवय आहे मला.

"बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "बघतो म्हणजे काय? गेलं वर्षभर बघताच आहात. सरांना जाऊन सांगा, एक रविवार थांबा म्हणून."

सांगायला काय जातंय. पण पुणेकर अपमान तोंडावर करतो, निरोप तोंडावर देत नाही. सरांनी माझ्या मुलाला बारावीत रसायनशास्त्र शिकवलेलं. त्यांच्या दाराची बेल वाजवून ‘तुमच्याने होत नाही’ हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी दोन दिवस त्यांच्या मजल्यावर लिफ्ट थांबवून परत खाली आलो. शेवटी खजिनदारांनाच विश्वासात घेतलं. त्यांना सगळं पटलं आणि उपायही त्यांनीच काढला.

"सत्कार करू," ते म्हणाले.

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. आमच्या शहरात माणसाला थांबवायची ही रीत आहे. पगडी घालायची, शाल पांघरायची, नारळ हातात द्यायचा, चार लोकांनी त्याच्या कार्याचा गौरव करायचा. मग सत्कारमूर्ती उठून भरल्या आवाजात ‘आता नव्या पिढीने पुढे यावं’ म्हणते आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसते. कोणी कोणाला काही बोललेलं नसतं. मला ही कल्पना इतकी आवडली की ती माझीच आहे असं मी बायकोला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी क्लब हाउस भरलं होतं. ‘यष्टींमागील तपश्चर्येस वंदन’ असा फलक लावला होता. सर सुरवार-कुर्त्यात आले. पगडी जरा मोठी झाली, पण त्यांनी ती एका हाताने धरून ठेवली. मुख्य भाषण अर्थातच कर्णधाराचं, म्हणजे माझं.

आता भाषण करताना माझं काय होतं ते मला माहीत आहे. समोर माईक आणि पहिल्या रांगेत ओळखीचे चेहरे असले की मी वाहवत जातो. सरांच्या निष्ठेबद्दल बोललो, वक्तशीरपणाबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी आणखी बोललो. देशाच्या संघातही असे यष्टिरक्षक आज दिसत नाहीत, असं म्हणालो. वय हा नुसता आकडा आहे, असं म्हणालो. हे वाक्य मी आदल्याच आठवड्यात त्याच खोलीत एका खेळाडूला शिव्या घालताना खोडून काढलं होतं. आणि शेवटी, आवाज अगदी खाली आणून, "सरांशिवाय या संघाची मला कल्पनाही करवत नाही," असं म्हणून मी बसलो. टाळ्या थांबेनात. खजिनदार टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होते.

सर उभे राहिले. डोळे पुसले. म्हणाले, "मी आज एक निर्णय करून आलो होतो. गुडघे साथ देत नाहीत. आजच्या कार्यक्रमात निवृत्ती जाहीर करावी, असं मनाशी पक्कं केलं होतं. पण कर्णधारांचे शब्द ऐकल्यावर थांबणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. तुमची इच्छा आहे तोवर मी खेळेन. उद्यापासूनच."

पुन्हा टाळ्या. अगदी मागच्या रांगेत ती मुलगीही टाळ्या वाजवत होती, सगळे वाजवत होते म्हणून. तिच्या शेजारी तिचे वडील बसले होते. बाहेर पडताना ते माझ्याजवळ आले, दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि म्हणाले, "भाषण छान झालं, साहेब." मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी बायकोने विचारलं, "अहो, तुम्ही त्यांना निरोप देत होता की मुलाखतीला बोलावत होता?" मी न जेवता झोपलो.

रविवारी सकाळी मैदानावर गेलो तेव्हा सर सगळ्यांच्या आधी येऊन पॅड बांधून बसले होते. मुलगी नेहमीसारखी पाण्याच्या कॅनजवळ होती. स्वतःचे ग्लोव्हज तिने आणले होते, पण पिशवीतून काढले नव्हते. माझ्याकडे बघून ती हसली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

समोरचा संघ रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरचा. सगळी आयटीतली पोरं. त्यांचा कर्णधार घाईघाईने माझ्याकडे आला. "काका, मोठा प्रॉब्लेम झालाय. आमचा कीपर ऑफिसमध्येच अडकलाय, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणे. आम्ही दहाच आहोत. तुमचा एखादा एक्स्ट्रा देता का?"

रविवारच्या क्रिकेटमध्ये हे सर्रास चालतं. एका बाजूला माणूस कमी पडला की दुसरी बाजू आपला राखीव उसना देते. माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आतच सर उठले. काल झालेल्या सत्काराचं औदार्य अजून त्यांच्या अंगात होतं.

"आमची ही राखीव घेऊन जा," ते म्हणाले. "शिकते आहे अजून. सांभाळून घ्या. तेवढाच तिला अनुभव."

मी तिच्याकडे बघितलं. तिने इतक्या झटकन पिशवी उघडली की पाण्याचा कॅन कलंडला.

नाणेफेक जिंकून आम्ही फलंदाजी घेतली. दुसऱ्या षटकात एक गृहस्थ स्कूटरवरून आले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन कंपाउंडच्या भिंतीवर बसले. ते कोच असणार हे तिच्या पाठीवरून कळलं, कारण ती एकदम ताठ झाली. त्यानंतरचा पहिलाच चेंडू तिच्या हातून निसटला. दुसराही छातीवर आदळला. आमचे लोक भिंतीजवळ बसून म्हणत होते, "बघा, तरुणांना प्रेशर सोसत नाही."

मग आमच्या सलामीच्या फलंदाजाने एक जोराचा फटका मारायला बॅट फिरवली, कड लागली, आणि चेंडू तिच्या उजवीकडे उडाला. झेप वगैरे काही दिसलीच नाही. चेंडू तिच्या हातात होता आणि ती उठून तो गोलंदाजाकडे टाकत होती. त्यानंतर एकही चेंडू मागे गेला नाही. एक चोरटी धाव घेताना खजिनदार, नेहमीच्या सवयीने, मागे चेंडू अडवायला कोणी नाही असं गृहीत धरून निघाले आणि अर्ध्या वाटेत त्यांना समोरच्या यष्ट्या उडालेल्या दिसल्या. मी स्वतः त्रिफळाचीत झालो, त्यात तिचा काही हात नव्हता.

आमच्याकडे अंपायर फलंदाजी करणाऱ्या बाजूचेच असतात. बाद होऊन आलेला माणूस पॅड सोडतो आणि अंपायरचा कोट चढवतो. मी कोट घालून उभा राहिलो, आणि सर फलंदाजीला आले. त्यांनी दोन-तीन चेंडू टापटिपीने अडवले. पुढच्या चेंडूला बॅटची कड लागली. आवाज इतका स्वच्छ आला की भिंतीवरच्या कोचनीही मान वर केली. मुलीने खाली वाकून, मातीपासून वीतभर वरून तो झेल घेतला.

अपील झालं. आयटीतली पोरं ओरडली. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

सर जागचे हलले नाहीत. "पॅड होतं," ते मला म्हणाले. अगदी शांतपणे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याला सांगावं तसं.

आजवर सरांना मी बाद दिलेलं नाही. कोणीच दिलेलं नाही. आमच्या अंपायरांना सरांच्या बॅटीचा आवाज ऐकू येत नाही, ही आमची जुनी रीत आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. मग बोट वर केलं.

सर चालत माझ्यापर्यंत आले. "तुम्ही नीट ऐकलंत?"

"ऐकलं, सर."

"काल तर म्हणत होतात, माझ्याशिवाय संघाची कल्पनाही करवत नाही."

"करून बघतो, सर," मी म्हणालो.

ते बॅट काखेत घेऊन निघून गेले. खरं सांगायचं तर मला भयंकर आनंद झाला होता.

सामना आम्ही अर्थातच हरलो. आमचं क्षेत्ररक्षण चालू असताना सरांनी यष्टींमागून नेहमीप्रमाणे चेंडूंच्या दिशा सांगितल्या. सामना संपल्यावर ते सरळ कोचकडे गेले आणि म्हणाले, "आमच्याच तालमीत तयार झालेली आहे. मानसिकतेवर मी स्वतः काम केलंय." खजिनदार म्हणाले, यासाठीच समिती नेमली होती. आणि लगेच सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला, की मुलं अशी तयार होऊन बाहेर जातात, म्हणून नाइलाजाने ज्येष्ठांना खेळत राहावं लागतं.

कोच कंटाळून माझ्याकडे वळले. "कॅप्टन तुम्ही ना? मुलगी चांगली आहे. मी घेतोय तिला. फक्त एक सांगा, तुमच्या टीममध्ये ती कितव्या नंबरवर खेळते?"

"आमच्याकडे ती खेळत नाही," मी म्हणालो. "तिच्या जागेवर आम्ही खेळतो."

त्यांना तो पुणेरी विनोद वाटला. ते हसले, आणि तिला मंगळवारपासून सकाळी कॅम्पला यायला सांगा म्हणाले.

मी सांगायला गेलो तेव्हा ती ग्लोव्हज पिशवीत भरत होती. तिने ऐकलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग वडिलांना फोन लावला. त्यांनी तो उचलायच्या आत तिला काहीतरी आठवलं आणि ती माझ्याकडे वळली.

"काका, मग नेक्स्ट संडेपासून मी नसेन. टीमला चालेल ना?"

तिने खरोखरच काळजीने विचारलं होतं. "चालवून घेऊ," मी म्हणालो, आणि तोंड फिरवून यष्ट्या उपटायला गेलो.